कोरा माणूस पाहिजे

जिथे बोलायला बंदी असते तिथे किस्से जास्त साठतात. आमच्या वर्गात दिवसभर दंगा चालतो, पण घरी येऊन सांगावं असं त्यातलं काही आठवत नाही. याउलट माझ्या आत्याच्या लॅबमध्ये अर्धा दिवस कुणी तोंड उघडायचं नाही, आणि चहा आला की सगळे एकदम सुटायचे! मी त्यांच्यातली सगळ्यात कमी बोलणारी. त्यामुळे माझा साठा सगळ्यात मोठा आहे. त्यातलेच थोडे आज काढते.

हे सगळं माझ्या नववीतलं. माझी नीताआत्या आमच्याकडेच राहायची आणि पुण्यातल्या एका कॉलेजात संशोधन करायची. शाळा सुटली की मी तिच्या लॅबमध्ये जायचे. कम्प्युटरला काम सांगायचं तर इंग्रजीत ओळीच्या ओळी टाइप कराव्या लागतात. आत्या आणि तिचे सहकारी माधव सर यांनी त्याऐवजी ठोकळ्यांची भाषा बनवली होती, आणि तीही मराठीत. टॅबलेटच्या पडद्यावर ‘पुढे जा’, ‘डावीकडे वळ’, ‘पिवळं दिसलं की’, ‘थांब’ असे रंगीत ठोकळे. बोटाने ओढून एकाखाली एक लावायचे, हिरवं बटण दाबायचं, की टेबलावरची वीतभर गाडी सांगितल्याप्रमाणे वागायची. टेबलाच्या एका टोकाला पुठ्ठ्याचं घर, दुसऱ्या टोकाजवळ पुठ्ठ्याची शाळा आणि शाळेसमोर एक पिवळी पट्टी. गाडी घरातून निघून शाळेपाशी थांबली पाहिजे. बास, एवढीच परीक्षा.

‘परीक्षा’ हा शब्द मात्र तिथे चालायचा नाही. भिंतीवर आत्याने मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं : “येथे माणूस चुकत नाही.” म्हणजे समोरच्याला जमलं नाही, तर चूक त्याची नाही, ठोकळे बनवणाऱ्यांची. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने विचारलं होतं, “मग बनवणारे कोण आहेत?”

दिवाळीनंतर, संशोधनाला पैसे देणाऱ्यांच्या पाहणी समितीचा निरोप आला. तुमचे आलेख नकोत, आमच्यासमोर एका कोऱ्या माणसाला, म्हणजे ज्याने हे ठोकळे कधी पाहिले नाहीत अशाला, बसवा. कुणी न शिकवता त्याने गाडी शाळेपाशी थांबवली, तर पुढचं वर्ष मिळेल. नाहीतर मार्चनंतर खोली रिकामी करा. आत्याने तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवला आणि पुन्हा कामाला लागली. पण त्या दिवशी मला मागे बसवून घरी जाताना तिने स्कूटर खराडीच्या सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावरही उभीच ठेवली होती. मागच्यांनी हॉर्न वाजवल्यावर तिला कळलं.

*

आधी माधव सरांच्या खोकल्याबद्दल सांगते.

लॅबचा सगळ्यात कडक नियम म्हणजे, माणूस टॅबलेटसमोर बसला की त्याला मदत करायची नाही. तो कितीही चुकीच्या ठोकळ्याकडे गेला तरी गप्प बसायचं. नाहीतर खरं काय अडतंय ते कळणारच कसं? आता हा नियम इतर कुठल्याही गावात पाळता आला असता. पण समोरचा चुकतोय आणि आपण त्याला ते सांगायचं नाही, हे पुण्याच्या माणसाला कसं जमणार?

माधव सर सदाशिव पेठेतले. ते तोंड घट्ट मिटून बसायचे, पण समोरच्याचं बोट चुकीच्या ठोकळ्याकडे वळलं की त्यांना खोकला यायचा. मुद्दाम नाही, खरंच यायचा! आत्याने त्यांना खडीसाखर दिली, लवंग दिली. उपयोग शून्य.

एकदा शेजारच्या कॉलेजमधल्या ग्रंथपाल बाई आल्या होत्या. त्यांनी भराभर ठोकळे लावले. पहिल्याच फटक्यात गाडी शाळेपाशी थांबली! आत्याचे डोळे चमकले. तिने विचारलं, “बाई, तुम्हाला नेमकं कशामुळे समजलं? रंगामुळे, की आकारामुळे?”

“छे हो, रंग कसला,” बाई म्हणाल्या. “सर खोकले की मी बोट उचलत होते.”

*

त्यानंतर माधव सरांच्या खुर्चीवर, येणाऱ्या माणसाच्या समोर, मी बसायला लागले.

“सईला बसवू या,” आत्या म्हणाली. “घरी पाहुणे आले तरी ही बोलत नाही. इथे काय बोलणार?”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग होणार होता, म्हणून मी हो म्हटलं.

समोरच्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, अशी तिथली पद्धत होती. तो बोलला तरच तो कुठे अडला ते समजतं. तो गप्प झाला तर मी एकच वाक्य म्हणायचं : “तुम्हाला काय वाटतंय ते बोलत राहा.” त्याहून एक अक्षर जास्त नाही. आत्या आणि माधव सर शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर सगळं बघायचे.

माझ्यासमोर पहिलेच आले ते एक निवृत्त काका. ते बसले आणि गप्पच राहिले. मी माझं वाक्य मनात जुळवलं. घशापर्यंत आणलं. ते तिथून पुढे येईना. काका ठोकळ्यांकडे बघत होते, मी काकांकडे बघत होते. पलीकडच्या खोलीत आत्या कपाळाला हात लावून बसली असणार हे मला भिंतीतून दिसत होतं. शेवटी चहा आला.

काका उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत्याला म्हणाले, “फार बरं वाटलं हो. आमच्याकडे इतकी शांतता कुठली! पुन्हा कधी येऊ?”

*

दुसऱ्या टोकाच्या होत्या आमच्या सोसायटीतल्या मीनाकाकू. त्यांना ‘मनात येईल ते बोला’ असं एकदाच सांगावं लागलं.

“मला वाटतंय, हा ठोकळा इथे बसेल. मला वाटतंय, या खोलीत झाडू मारून बरेच दिवस झाले असावेत. हिरवं बटण... हां. मला वाटतंय, तुझी आत्या वाळलीये. नोकरी सोडून या खेळण्यात का पडली कोण जाणे. हिंजवडीत केवढा पगार होता! मला वाटतंय, आता ही खोली पण जाणार म्हणे, मग काय करेल बिचारी? इकडे वळ गं बाई... हं, वळली.”

मी पलीकडच्या खोलीच्या भिंतीकडे बघितलं नाही. नियमाप्रमाणे सगळं बोलणं रेकॉर्ड होत होतं, आणि नियमाप्रमाणे ते सगळ्यांनी बसून ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऐकलं. आत्या शेवटपर्यंत खाली मान घालून काहीतरी लिहीत होती. रेकॉर्डिंग संपलं.

मग आत्या म्हणाली, “‘वळ’चा ठोकळा त्यांना लगेच सापडला. म्हणजे रंग बरोबर आहे.”

आणि उठून कोपऱ्यातला झाडू घेतला.

*

गाड्या आधी दोन होत्या. एक कशी गेली तेही सांगते.

‘पुढे जा’ म्हटलं की गाडी पुढे जायची, आणि जातच राहायची. ‘थांब’ हा ठोकळा लावल्याशिवाय थांबायची नाही. मुलांना हे विचित्र वाटायचं नाही. मोठी माणसं मात्र हटकून विसरायची. एका प्राध्यापकांनी फक्त ‘पुढे जा’ लावलं आणि हाताची घडी घालून बसले. गाडी शाळा ओलांडून गेली, टेबलाची कड आली, आणि गाडी फरशीवर! चाक एकीकडे, मोटर दुसरीकडे.

“एवढी अक्कल नको का तिला?” प्राध्यापक म्हणाले.

त्यांच्यानंतर अयान बसणार होता. अयान कॅम्पातला, सातवीतला. त्याच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तो सगळं बघत दारात उभा होता. तो म्हणाला, “सर, रिक्षात बसल्यावर उतरताना तुम्ही ‘थांबवा’ म्हणता ना? न म्हणता रिक्षावाला थांबेल का?”

“पुण्यात?” पलीकडच्या खोलीतून माधव सरांचा आवाज आला. “म्हटलं तरी थांबत नाही!”

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती फरशीवर बसून चाकं गोळा करत होती. नवी गाडी मागवायची सोय आता नव्हती.

मी मात्र त्या खुर्चीवर बसून रोज एक गोष्ट बघत होते. शेवटचा ठोकळा लावला की माणसं क्षणभर थांबायची आणि त्यांचं बोट ठोकळ्याच्या खालच्या कडेवरून एकदा फिरायचं. शिवण पूर्ण झाली का ते बघतात ना, तसं. कड गुळगुळीत दिसली की बोट बाजूला व्हायचं आणि ती बटण दाबायची.

हे मी लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही. स्कूटरवर मागे बसल्यावर सांगितलं. तिथे मला बोलता येतं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. आत्याने स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, “पुन्हा सांग.”

आठवड्याभरात ‘पुढे जा’ ठोकळ्याची खालची कड बदलली. आता तिथे एक मोठी खाच होती, कुणीतरी तोंड उघडून काहीतरी मागत असल्यासारखी. ‘थांब’ बसला की तोंड मिटायचं.

*

तोपर्यंत नवीनच संकट उभं राहिलं होतं. कोरी माणसं संपत आली होती!

ज्याने एकदा ठोकळे बघितले तो बाद. त्याला आता माहीत असतं. त्यामुळे आमचे नातेवाईक संपले, सोसायटी संपली, कॉलेजचे शिपाई, कँटीनवाले, त्यांचे मेहुणे संपले. आत्या लग्नाला गेली तरी अक्षता टाकताना समोरच्या रांगेकडे बघायची. मुलीची मावशी भेटली की नमस्काराआधी विचारायची, “तुम्ही आमच्याकडे आला नाहीत ना अजून?” माणसं वाट बदलायला लागली.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आले. त्यांचं कपाट अजून लिफ्टमध्ये होतं. आत्या दारात हजर.

“अर्धा तास द्याल का? आमचं एक सॉफ्टवेअर आहे, ते वापरून बघायचं.”

“ऑफ कोर्स!” ते खूश झाले. “मी खराडीला आयटीतच आहे. कम्प्युटरच्या बारा भाषा येतात मला.”

“मग राहू द्या,” आत्या म्हणाली आणि वळली.

ते कपाटाला टेकून बघतच राहिले. “अहो,” त्यांनी मला विचारलं, “येतं म्हणून रिजेक्ट?”

*

एक किस्सा छोटा आहे, पण तो मला हसून सांगता येत नाही.

एक मुलगी ठोकळे लावत होती. मी समोर होते. दार उघडलं आणि ऑफिसातले पवार मेजरिंग टेप घेऊन आत आले. त्यांनी भिंत मोजली. खिडकी मोजली. ते अगदी सज्जन माणूस, पण मार्चनंतर इथे कपाटं बसवायची होती आणि त्यांना माप हवं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. आत्या शेजारच्या खोलीतून दारात आली होती, त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या मुलीचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून आत्या काही बोलू शकत नव्हती.

आत्या मुकाट्याने पुढे आली आणि टेपचं टोक धरून भिंतीपाशी उभी राहिली.

*

आणि समिती आली तो दिवस.

तिघंजण होते. एक बाई, एक तरुण सर आणि अध्यक्ष गद्रे सर. गद्रे सर उंच, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. बसल्याबसल्या त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली आणि नाकातून आवाज काढला. खोकला नको म्हणून माधव सरांना पलीकडच्या खोलीत ठेवलं होतं.

कोरा माणूस म्हणून अयानची धाकटी बहीण सना आली होती. ती लॅबमध्ये कधीच आली नव्हती. मी तिला समजावलं, म्हणजे वाचून दाखवलं, की मनात येईल ते सगळं बोलायचं. काहीही लपवायचं नाही.

सना शहाणी मुलगी. तिने काहीही लपवलं नाही.

“मी विचार करतेय,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “की भाईने मला घरी सगळं शिकवलंय, काय आधी ठेवायचं आणि काय नंतर. पण घरी आम्ही घड्याळांच्या रिकाम्या डब्यांनी खेळायचो. तिथे ‘थांब’ म्हणजे गजराच्या घड्याळाचा डबा होता. इथे तो कुठेय?”

गद्रे सरांनी आधी सनाकडे, मग आत्याकडे बघितलं.

“ही पढवून आणलेली मुलगी आहे,” गद्रे सर म्हणाले.

“नाही सर,” सना म्हणाली. “आणताना कुणी नाही सांगितलं. मला आधीच येत होतं.”

तरुण सरांनी हसू दाबलं. गद्रे सरांनी पेनला टोपण लावलं.  आत्या उभी होती. 

“सर,” ती म्हणाली, “आता दुसरं कुणी आणायला वेळ नाही. पण या खोलीत कोरी माणसं आहेत. तुम्ही तिघं.”

“म्हणजे मी?”

“आपण बसलात तर बरंच होईल. आपल्याला कुणी पढवलं असं कुणी म्हणणार नाही.”

गद्रे सरांनी पेन खिशाला लावलं. मग उठून माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्यामागे टेबलाची कड होती, आणि टेबलावर आमची एकुलती एक गाडी.

सरांनी चष्मा लावला. ते बोलेनात. माझं वाक्य घशात आलं आणि अडकलं. मला ते निवृत्त काका आठवले. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि म्हटलं, “तुम्हाला काय वाटतंय ते बोलत राहा.” आवाज चिरका आला, पण आला.

“मी मनातल्या मनात विचार करतो,” गद्रे सर म्हणाले. “आयुष्यभर तसाच करत आलोय.”

त्यांनी ‘पुढे जा’ ओढला. त्यांचं बोट खालच्या कडेवरून फिरलं आणि खाचेपाशी थांबलं.  “अर्धवट दिसतंय हे,” ते पुटपुटले. पलीकडच्या खोलीतून बारीकसा खोकला ऐकू आला.

“औषध घ्या!” सर भिंतीकडे बघून ओरडले, आणि त्या नादात त्यांनी हिरवं बटण दाबलं.

गाडी निघाली. घर मागे पडलं. शाळा आली. पिवळी पट्टी चाकांखालून गेली. गाडी त्याच संथ वेगाने कडेकडे निघाली.

“अगं, थांबव ना तिला!” सर मला म्हणाले.

मी हात मांड्यांखालून काढले नाहीत. आत्याही हलली नाही.

“अरे, थांबवा कुणीतरी! थांब! थांब म्हणतो ना!”

 सर खुर्चीसकट मागे वळले आणि त्यांनी कडेवरून सुटलेली गाडी पोटाशी धरली. तिची चाकं त्यांच्या शर्टच्या बटणांवर गरगरत राहिली.

“सर, तो शेवटचा लाल ठोकळा...” समितीतल्या बाई म्हणायला लागल्या.

“मदत करायची नाही!” गद्रे सर गरजले. “ऐकला नाहीत नियम?”

मग ते पाटीकडे बघायला लागले. “येथे माणूस चुकत नाही,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “मग आत्ता चुकलं कोण?”

 उत्तर द्यायची परवानगीच नव्हती. मला एकच वाक्य येत होतं, ते मी म्हटलं. या वेळी ते अडकलं नाही.

“मला वाटतंय...” सर म्हणाले आणि थांबले. त्यांनी पोटाशी धरलेल्या गाडीकडे बघितलं. “मला वाटतंय, जा म्हणालो ते मी हिला म्हणालो. आणि थांब म्हणालो ते तुला. या बाईंना. सगळ्या खोलीला. हिला म्हणालोच नाही.”

त्यांचं बोट पुन्हा त्या खाचेवर गेलं. “हे तोंड उघडं आहे तोवर तिचं ऐकून झालेलं नाही. असं आहे होय.” त्यांनी ‘पिवळं दिसलं की’ ओढला. त्याच्या पोटात लाल ‘थांब’ बसवला. तोंड मिटलं. गाडी त्यांनी स्वतः घरापाशी ठेवली, लहान मुलाला शाळेत सोडताना सरळ करतात तशी सरळ केली, आणि बटण दाबलं.

या वेळी कुणी खोकलं नाही. गाडी निघाली, शाळेपाशी आली आणि पिवळ्या पट्टीवर उभी राहिली.

गद्रे सर तिच्याकडे बघतच बसले. तरुण सरांनी घड्याळ दाखवलं. समितीतल्या बाईंनी पर्स उचलली. आत्याला विचारायचं होतं ते तिच्या ओठांवर दिसत होतं, पण ती विचारत नव्हती.

सर उठले. दारापर्यंत गेले. मग परत आले, आत्यापाशी नाही, माझ्यापाशी.

“पुढच्या वर्षी कितवीत तू?”

“दहावीत.”

“दहावी म्हणजे क्लास, अभ्यास. मग शाळा सुटल्यावर या खुर्चीवर बसायला वेळ मिळेल का तुला?”

आत्याने टेबल धरलं. सना माझ्याकडे बघत होती. पलीकडच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि त्यात माधव सरांचा एक डोळा दिसला. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते, आणि माझ्या घशातून शब्द येईना.

गद्रे सरांनी समोरची खुर्ची पुन्हा ओढली, तिच्यावर बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले,

“तुला काय वाटतंय ते बोलत राहा.”